जाताना चालते, येताना बंद पडते: एका फ्युएल पंपाचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडे माझं छोटं गॅरेज आहे. खाली दिलेलं काम गेल्या मे महिन्यातलं. गिऱ्हाइकाचं आणि गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. गाडी नीट झाली, पण एकदा चुकल्यावर. म्हणूनच ते सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची छोटी हॅचबॅक, २०१३ सालची, ९४ हजार किलोमीटर चाललेली. मालक जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. सगळा तालुका त्यांना गुरुजी म्हणतो, मीही. त्यांच्या घरच्या बाईंना, म्हणजे आमच्या काकूंना, दर मंगळवारी आणि शुक्रवारी वर्ध्याला डायलिसिससाठी न्यावं लागतं. सकाळी साडेसहाला निघायचं, कळंब, देवळी करत वर्धा गाठायचं. मशीनवर चार तास जातात, त्यात आधीचं-नंतरचं धरलं की परत निघायला दीड-दोन वाजतात. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी दोन वाजता पारा ४४-४५ वर असतो आणि रस्त्यावर कुत्रंही नसतं.

गाडी माझ्याकडे येण्याआधी दोन महिने दुसऱ्या एका गॅरेजात जाऊन आली होती. तिथे पंपाची मोटर, प्लग आणि एक इग्निशन कॉइल बदललेली. महिनाभर बरी चालली, मग तेच रडगाणं सुरू झालं.

तक्रार

"सकायी जाताना घोड्यावानी जाते. येताना देवळी सोडली का धापा टाकते," गुरुजी म्हणाले. "ॲक्सिलेटर दाबला तरी उचलत नाई. मग झटके देते न् बंद. वीसेक मिनिटं सावलीत उभी केली का पुन्हा चालू. काऊन असं करत असन रे?"

गिऱ्हाइकाचं बोलणं मध्येच तोडायचं नाही, हे मी उशिरा शिकलो. या एवढ्याशा बोलण्यात अर्धं निदान होतं. गाडी गरम झाल्यावर बंद पडते म्हटलं की आमच्या धंद्यात पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनाचे फेरे टिपणाऱ्या सेन्सरवर, जातो. पण क्रँक सेन्सर गेला की गाडी स्विच बंद केल्यासारखी पटकन मरते. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसतो, स्पार्क आणि इंजेक्टर दोन्ही एकदम थांबतात. धापा टाकणं, पिकअप हळूहळू कमी होणं आणि मग बंद पडणं ही पेट्रोल कमी पोचत असल्याची खूण. गुरुजींना आणखी एक विचारलं, बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडून पाहिलं का? पाहिलं होतं. हवा आत ओढल्याचा आवाज नाही, गाडीत फरकही नाही. म्हणजे टाकीचा श्वास कोंडल्याचा प्रकार नव्हता.

जाणं आणि येणं यात नेमका फरक काय, हे मी वहीत लिहून काढलं. जाताना ऊन नसतं, येताना असतं, शिवाय गाडी दवाखान्याच्या आवारात पाच तास उन्हात तापलेली असते. वर्ध्याहून यवतमाळकडे येताना जमीन चढत येते, म्हणजे इंजिनावर भार जास्त. आणि जाताना टाकीत असलेलं पेट्रोल येताना निम्मं झालेलं असतं. गुरुजींची सवय पाचशेचं टाकायची. शंभराच्या वर भाव गेल्यापासून पाचशेत पाच लिटरही येत नाही, त्यामुळे काटा कायम तळाशी. ऊन, चढ आणि रिकामी टाकी ही तिन्ही कारणं एकाच वेळी हजर. त्यातलं नेमकं कोणतं, हे मला तेव्हाच वेगळं काढायला हवं होतं. तिथे मी कमी पडलो. ते पुढे येईलच.

पहिली तपासणी

मंगळवारी संध्याकाळी गाडी आली. बुधवारी सकाळी स्कॅनर लावला. एकच कोड साठलेला होता, पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. कोड पडला त्या क्षणी लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २१ टक्के. इंजिनाचा संगणक इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून तूट भरून काढायचा प्रयत्न करतोय, असा त्याचा अर्थ. आयडलवर मात्र ट्रिम अधिक ५. म्हणजे बसल्या जागी पुरतं, पळताना पुरत नाही.

मग प्रेशर. या गाडीच्या रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, गेज लावायला वेगळा व्हॉल्व्ह नाही, पेट्रोलच्या नळीत टी आकाराचा जोड घालावा लागतो. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं आणि पेट्रोल तोंडावर उडत नाही. गेज जोडलं: चालू इंजिनावर ३.१ बार. या गाडीला साधारण तीन बार लागतं. बंद करून दहा मिनिटांनी पाहिलं तर २.७. म्हणजे पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा) आणि इंजेक्टर गळत नव्हते. तासभर आयडलवर ठेवली, पंखा चार वेळा फिरला, काटा हलला नाही.

माझा पोरगा, म्हणजे हाताखालचा मुलगा, म्हणाला व्हेपर लॉक असेल, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडत असेल. कार्ब्युरेटरच्या जमान्यात इंजिनाजवळचा पंप तापून ते व्हायचं, ओलं फडकं टाकून गाडी चालू करणारे लोक मीही पाहिलेत. इथे पंप टाकीत आहे, लाइन दाबाखाली आहे, आणि एकेरी लाइन असल्याने इंजिनाजवळ तापलेलं पेट्रोल टाकीत परतही येत नाही. टाकीतली उष्णता उन्हाची, रस्त्याची आणि खुद्द पंपाची. पंपाला गार ठेवतं ते त्याच्याभोवतीचं पेट्रोल.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता. गॅरेजात सगळं ठीक दिसतंय म्हणून अंदाजाने एखादा पार्ट बदलायचा, की गाडी बिघडेपर्यंत तिच्या मागे लागायचं? अंदाजाने बदलणं आधीच्या गॅरेजात होऊन गेलं होतं. मी गेजची लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली, गेज काचेवर वायपरखाली अडकवलं, वरून टेप मारला. नळी बाहेरच ठेवायची. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणणारे महाभाग आहेत, त्यांच्यात बसू नये. दुपारी दोनला, टाकीत होतं तेवढ्याच पेट्रोलवर, मी आणि पोरगा देवळीकडे निघालो.

जाताना काटा ३.१, ३.०, ३.०. नदीचा पूल ओलांडून देवळीपर्यंत गेलो, वीस मिनिटं उन्हात उभी केली आणि परत फिरलो. पूल पुन्हा ओलांडल्यावर चढाला चौथ्या गियरमध्ये ॲक्सिलेटर दाबून धरला. काटा २.६ वर आला, मग २.२. गाडी धापा टाकायला लागली तेव्हा १.८. पोरगा काचेला नाक लावून आकडे ओरडत होता. गाडी कडुनिंबाखाली घेतली आणि ती तिथेच मेली. इतका आनंद मला गाडी बंद पडल्यावर क्वचितच झालाय.

इंजिन परत चालू झालं तसं तिथेच मागची सीट उचलली, पंपाच्या कपलरवर, म्हणजे वायरींच्या जोडणीवर, मीटर लावलं. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपाला मिळत होते १०.९. तीन व्होल्ट कुठे गेले? पॉझिटिव्ह बाजूला ०.४. अर्थच्या बाजूला, म्हणजे पंपाची अर्थ पिन ते बॅटरीचा निगेटिव्ह, २.६. वायर बोटांनी चाचपली तर एका जागी चटका बसला. आधी मोटर बदलताना कुणीतरी अर्थची वायर तोडून, पीळ देऊन, वरून काळी टेप मारली होती. टेप वितळून गुळाच्या पाकासारखी झालेली, आतलं तांबं काळं पडलेलं.

पहिला उपाय आणि त्यातली चूक

त्या क्षणी मला वाटलं, झालं. जोड सैल, करंट गेला की तापतो, तापला की अडवतो, पंप मंदावतो, थंड झाला की पुन्हा चालतो. सगळी लक्षणं जुळत होती. वायर कापून नवा तुकडा घातला, क्रिम्प केलं, श्रिंक ट्यूब चढवली, बॉडीवरचा अर्थ पॉइंट घासून चकचकीत केला. अर्थचा ड्रॉप, म्हणजे वाटेत गळणारे व्होल्ट, ०.२ वर आला.

मग ट्रायल. गिऱ्हाइकाचं पेट्रोल कशाला जाळायचं म्हणून मी आपल्या खिशातून हजाराचं टाकलं आणि संध्याकाळी सातला चक्कर मारली. प्रेशर एकदाही तीनच्या खाली गेलं नाही. गुरुवारी गाडी दिली. शुक्रवारची वर्ध्याची फेरी व्यवस्थित झाली. गुरुजींनी फोन करून आशीर्वादही दिला.

पुढच्या मंगळवारी दुपारी अडीचला पुन्हा फोन. गाडी देवळीच्या पुढे बंद. मागच्या सीटवर काकू, डायलिसिसनंतर त्यांच्या अंगात बसायचंही त्राण नसतं. मी व्हॅन घेऊन पोचेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर एका ढाबेवाल्याने त्यांना खाटेवर झोपवून डोक्याशी कूलर लावला होता. गुरुजी मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारची फेरी का जमली ते मला टो करत आणतानाच कळलं: माझ्याच हजाराच्या पेट्रोलवर. टाकीत साडेनऊ लिटर जास्त होतं, पंप बुडालेला होता, गार राहिला. आणि माझी ट्रायल तर उन्हं कललेली, टाकी भरलेली. बिघाड ज्या परिस्थितीत होतो ती परिस्थितीच मी काढून टाकली होती आणि त्याला दुरुस्ती म्हणत होतो.

दुसरी तपासणी

पहिल्या दिवशी जो प्रश्न विचारायला हवा होता तो आता विचारला. जोड एवढा तापला, तो फक्त सैल होता म्हणून, की त्यातून करंटच जास्त जात होता? पंपाचा रिले, म्हणजे त्याला करंट देणारा स्विच, काढला, त्याच्या ३० आणि ८७ या खाचांमध्ये फ्यूज असलेल्या वायरीने मीटर जोडलं, दहा अँपियरच्या रेंजवर. अशा पंपाला चार ते सहा अँपियर पुरतात. इथे गार असताना ६.४ आणि अर्धा तास चालवल्यावर ७.९.

मग किती पेट्रोल येतं ते मोजलं. हे काम अंगणात, बॅटरी आणि गाडीपासून दूर भांडं ठेवून, अग्निशामक सिलिंडर हाताशी घेऊन केलं. अर्ध्या मिनिटात अर्धा लिटर तरी यावं असा माझा ठोकताळा आहे. आलं २८० मिली.

आता करंट जास्त आणि पेट्रोल कमी. यात एक बारकावा आहे, जो मी पोराला दोनदा समजावला. पंपाच्या आधीची जाळी तुंबली तर पंपाला ओढायलाच मिळत नाही, तो गुरगुरतो, पण करंट बहुधा कमी होतो. पंपाच्या पुढचा फिल्टर तुंबला तर त्याला जोर लावून ढकलावं लागतं आणि करंट वाढतो. म्हणजे बोट फिल्टरकडे जात होतं.

आधीच्या मेकॅनिकला फोन लावला. भांडायला नाही. तो सरळ माणूस निघाला. "फिल्टर जुनाच ठेवला दादा, गिऱ्हाईक म्हणे स्वस्तात करा. मोटर लोकल होती." त्या एका फोनने माझा एक दिवस वाचला. तो पहिल्याच मंगळवारी केला असता तर काकूंचाही वाचला असता.

मधल्या काळात गुरुजींच्या पुण्यातल्या मुलाने फोनवर निकाल देऊन टाकला होता की हा सगळा इथेनॉलचा प्रताप. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ मध्ये मोजक्या पंपांवर आलं, आता सगळीकडे तेच मिळतं, आणि जुन्या गाड्यांचे मालक धास्तावलेत हे खरं. इथेनॉल जुना थर सुटा करतं, पाणी ओढतं, जुन्या रबराला त्रास देऊ शकतं. म्हणून टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवलं. खाली पाण्याचा थर नव्हता, तळाला बारीक काळपट गाळ होता. गुरुजींनी नंतर सांगितलं की मध्येच संपलं तर ते गावच्या किराणा दुकानातलं बाटलीतलं पेट्रोल टाकायचे. ती बाटली आधी कशाची होती, कुणास ठाऊक. गाळ बाटलीचा की बारा वर्षांच्या टाकीचा, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण इथेनॉल नसतं तरी तुंबलेला फिल्टर आणि पिळलेली वायर तशीच राहिली असती.

पुढे काय करायचं: तीन वाटा

एक, फक्त मोटर, फिल्टर आणि जाळी बदलायची, साधारण अडीच हजारात. दोन, नागपूरच्या भंगार बाजारातून वापरलेली पूर्ण असेंब्ली आणायची. तीन, नवी ओरिजिनल असेंब्ली, मोटर, फिल्टर, दाब राखणारा रेग्युलेटर, पेट्रोलची पातळी दाखवणारा फ्लोट, सगळ्यासकट, सात हजार दोनशे.

पेन्शनवरच्या माणसाला, त्यातही दवाखाना चालू असलेल्या, सात हजार सांगताना जीभ जड होते. एरवी मी पहिली वाट धरतो, आणि बहुतेक गाड्यांना ती पुरते. इथे झाकणावरच्या कपलरच्या पिना उष्णतेने पिवळ्या पडल्या होत्या, प्लास्टिक वाकलं होतं. आत नवी मोटर घालून करंट त्याच पिनांतून नेणं म्हणजे तोच जोड पुन्हा तयार करणं. वापरलेल्या असेंब्लीची वाट मी लगेच सोडली. ती किती किलोमीटर रिकाम्या टाकीत तापली हे कोण सांगणार? गुरुजींसमोर तिन्ही आकडे आणि झाकणावरचे पिवळे डाग ठेवले. त्यांनी चष्मा लावून डाग पाहिले. "एकदाच काय तं करून टाक बापू. तुह्या काकूले पुन्हा ढाब्यावर नाई झोपवत मी."

पहिल्या फेरीची मजुरी मी घेतली नाही. शुक्रवारच्या फेरीला गाडी द्यायची नाही हेही ठरलं. गुरुजींचा आग्रह होता, "टाकी फुल करतो नं, मग नाई पडत." तर्क बरोबर होता, बहुतेक पोचलेही असते. पण बहुतेकच. शुक्रवारी माझी व्हॅन गेली, चालवायला मी.

काम

असेंब्ली शनिवारी सकाळी बसने नागपूरहून आली. टाकी पाऊणपेक्षा जास्त रिकामी, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला, गाडी शेडबाहेर झाडाखाली, मोबाइल आत टेबलावर. मागची सीट काढल्यावर पंपाच्या झाकणावर काळ्या मातीचा बोटभर थर होता. तो आधी ब्रशने आणि हवेने साफ केला. झाकण उघडल्यावर तोच कचरा टाकीत पडतो आणि नव्या जाळीवर जाऊन बसतो. घाईत हे हमखास राहतं. लॉक रिंग लाकडी ठोकळ्याने टिचक्या मारत फिरवली, लोखंडाची ठिणगी इथे नको. ओ-रिंग नवी, तिला पेट्रोलचं बोट लावून बसवलं. तळ पुसून काढला. वायरीकडचा कपलरही नवा.

जुना फिल्टर नंतर हॅक्सॉने कापला. आतला कागद चहाच्या चोथ्यासारखा झाला होता.

निकाल

या वेळी ट्रायल गुरुजींच्या अटींवर: दुपारी दोन, काटा तळाशी, आधी तीन तास उन्हात उभी. तोच चढ, तोच चौथा गियर. प्रेशर ३.० च्या खाली गेलं नाही. परत आल्यावर गरम असतानाच करंट ४.८ अँपियर, दोन्ही बाजूंचा मिळून ड्रॉप ०.४ व्होल्ट, अर्ध्या मिनिटात ६८० मिली. दोन आठवड्यांनी ट्रिम पाहिलं तर अधिक ३. पोळा होऊन गेला, गाडी अजून बंद पडलेली नाही. मात्र तसं ऊनही अजून पडलेलं नाही.

आज वेगळं काय केलं असतं

करंट पहिल्याच दिवशी मोजला असता. दहा मिनिटांचं काम आहे. वायर सापडली आणि ती इतकी देखणी चूक होती की मी तिच्यावरच थांबलो. एक दोष सापडला म्हणजे दुसरा नसतो असं नाही. इथे तर पहिला बहुधा दुसऱ्यानेच इतका वाढवला होता.

ट्रायलसाठी पेट्रोल टाकलं नसतं. आजकाल पोराला सांगून ठेवलंय की गाडी ज्या पेट्रोलवर आली त्यावरच आधी चालवायची, कॅनमध्ये दोन लिटर सोबत ठेवायचं.

आधी काय बदललं यापेक्षा काय बदललं नाही हे विचारलं असतं. "पंप नवाच आहे" या वाक्याने मीही थोडा भुललोच होतो.

आणि रुग्णाची गाडी शंका असताना रस्त्यावर सोडली नसती. पहिल्या दुरुस्तीनंतर एक दुपारची फेरी मी स्वतः मारायला हवी होती.

पाचशेच्या सवयीबद्दल गुरुजींना समजावलं, काटा पावाच्या खाली जाऊ देऊ नका, पंप पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो. त्यांनी मान डोलावली, पण चाळीस वर्षांची सवय. झालं असं की नव्या असेंब्लीचा फ्लोट जरा कमी दाखवतो. टाकीत पाव असताना काटा लालवर टेकतो. आठवड्याने गुरुजींचा फोन, "अरे, काटा लई लवकर खाली येते." मी म्हटलं गाडी आणा, दुरुस्त करून देतो. ते दोन क्षण गप्प राहिले. "पाव राह्यते म्हणतं नं आतमंदी? मंग राहू दे तसाच."